धागा: कोल्हापुरातून भारतीय नागरिकत्वाचा अर्ज – परदेशी सून-जावई, परत आलेली आपली माणसं आणि दिवसांचा हिशोब

करवीर_कागद (धागा सुरू केला)

परदेशी सून किंवा जावई असलेल्या घरांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "लग्नाला इतकी वर्षं झाली, आता नागरिकत्व मिळेल का?" लग्नाला किती वर्षं झाली हा कायद्याचा प्रश्नच नाही. भारतात किती दिवस राहिलात, कुठल्या व्हिसावर राहिलात आणि ते कागदावर दाखवता येतंय का, हा आहे. म्हणून सगळी माहिती एका जागी यावी यासाठी हा धागा.

आधी कलम ठरवा. नागरिकत्व कायदा १९५५चा. बाहेरच्या माणसाला त्यात दोन मोठे दरवाजे आहेत, कलम ५ म्हणजे नोंदणी आणि कलम ६ म्हणजे देशीयकरण. बोलताना सगळे दोन्हीला एकच समजतात आणि पहिली चूक तिथेच होते. फॉर्म वेगळे, अटी वेगळ्या, मुदती वेगळ्या.

भारतीय नागरिकाशी लग्न झालंय त्यांच्यासाठी ५(१)(सी), फॉर्म ३. अट सात वर्षांच्या वास्तव्याची.

स्वतः किंवा आई-वडिलांपैकी कोणी पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक होते, त्यांच्यासाठी ५(१)(एफ), फॉर्म ६. अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य. अमेरिकेचा पासपोर्ट घेतलेले आणि आता ताराबाई पार्कात परत येऊन राहिलेले आपले लोक यात बसतात.

ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी माणसाला किंवा नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला मिळणारं भारतात राहण्याचं कार्ड, नागरिकत्व नव्हे) मिळून पाच वर्षं झाली आणि शेवटचे बारा महिने भारतात राहिले, त्यांच्यासाठी ५(१)(जी), फॉर्म ७.

यातल्या कशातच न बसणाऱ्यांसाठी कलम ६, फॉर्म ८. इथे शेवटचे बारा महिने सलग भारतात आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत एकूण अकरा वर्षं. शिवाय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान लागतं. मराठी चालते. अमेरिकेसारखी नागरिकशास्त्राची प्रश्नोत्तरं इथे नाहीत.

पहिला अर्ज चुकीच्या कलमाखाली टाकला की तो दुरुस्त होत नाही, नवा भरावा लागतो. तेव्हा फॉर्म उघडायच्या आधी इथे विचारा.

ऊसपट्टा

एक शंका. ओसीआय कार्ड असलं की बँक, नोकरी, येणं-जाणं सगळं होतंय. मग नागरिकत्वाच्या मागं लागायचं कशाला? खर्च आणि हेलपाटे वेगळेच.

करवीर_कागद

@ऊसपट्टा, प्रश्न रास्त आहे. बऱ्याच जणांना खरंच ओसीआय पुरेसं आहे. पण ओसीआयवाल्याला मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी सहसा नाही, आणि शेतजमीन, मळा, फार्महाउस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने शेतजमीन येऊ शकते. खरेदीखत मात्र होणार नाही.

आपल्या भागात हाच मुद्दा जास्त अडतो, कारण घराचा सगळा व्यवहार शिवाराभोवती असतो. आणि नागरिकत्व मिळालं की जमीन घेता येईल असंही धरू नका. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ने शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं, जन्माने भारतीय असला तरी. ती अट वेगळी, ही वेगळी.

दुसरं, लग्नाच्या आधारावर मिळालेलं ओसीआय त्या लग्नावर उभं असतं. घटस्फोट झाला की कार्ड रद्द होऊ शकतं. नागरिकत्वाचं तसं नाही.

रंकाळा_पश्चिम

वरच्या पोस्टमधली एक गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते, म्हणून फोड करून सांगतो.

परदेशी जोडीदाराला ओसीआय कधी मिळतं? लग्न नोंदवलेलं पाहिजे आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं पाहिजे. अर्जदार किंवा त्याचे आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर हा रस्ता बंद.

आता हिशोब बघा. दोन वर्षं लग्नाची, पाच वर्षं ओसीआयची. झाली सात. म्हणजे (जी)चा रस्ता वर्षांच्या मापाने (सी)इतकाच आहे. पण (जी)मध्ये त्या पाच वर्षांत भारतात किती दिवस होतात याचं माप लागत नाही, फक्त शेवटचे बारा महिने बघतात. ज्या सुनेला माहेरी दरवर्षी दोन-दोन महिने जावं लागतं, तिला (सी)पेक्षा (जी) सोयीचा. पाच वर्षं कार्डावर नोंदणीची जी तारीख छापलेली असते तिथून मोजायची, अर्ज टाकल्याच्या तारखेपासून नाही. म्हणून पुढे नागरिकत्व घ्यायचा विचार असेल तर लग्नाला दोन वर्षं होताच ओसीआय काढून ठेवा, वाट बघत बसू नका.

पेठकर_०५

सात वर्षं म्हणजे नेमकी कशी धरायची? एका वकिलांनी सलग सात सांगितली, दुसऱ्यांनी मधे दोन वर्षं सूट सांगितली.

रंकाळा_पश्चिम

दोघांचंही अर्धं बरोबर. कायद्यातलं स्पष्टीकरण असं: अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग, आणि त्या बारा महिन्यांच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं. सहा अधिक एक, सात. खिडकी नऊ वर्षांची.

उदाहरण घ्या. कोणी १ जुलै २०१८ला भारतात राहायला आलं. मधे एकदाही बाहेर गेलं नाही तर ३० जून २०२४ला सहा वर्षं पुरी, पुढचे बारा महिने सलग, म्हणजे १ जुलै २०२५ला अर्ज करता येतो. पण समजा पहिली सहा वर्षं दरवर्षी ४० दिवस माहेरी जाणं झालं. ४० गुणिले ६, २४० दिवस कमी पडले. ते पुढे भरून काढायचे. त्या २४० दिवसांत बाहेर न जाता राहिलं तर सहा वर्षं फेब्रुवारी २०२५च्या शेवटी भरतात, आणि त्यानंतरचे बारा महिने धरून अर्ज जातो फेब्रुवारी २०२६च्या अखेरीला. लोक १ जुलै २०२५लाच अर्ज टाकतात आणि मग नाकारला का म्हणून विचारतात.

माझा आग्रह: कागदावर पाच रकाने आखा. देश सोडल्याची तारीख, परतल्याची तारीख, विमानतळ, पासपोर्टचा नंबर, शिक्का असलेलं पान. निघालेला आणि परतलेला असे दोन्ही दिवस बाहेरच धरा. हिशोब दहा-वीस दिवसांनी तंग येत असेल तर महिनाभर थांबा आणि मगच टाका. एका दिवसावरून वाद घालायला कुणाला वेळ नसतो, ना तुम्हाला ना टेबलावरच्या माणसाला.

शेवटच्या बारा महिन्यांत बाहेर जावंच लागलं तर? २०१५च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला विशेष परिस्थितीत जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट देता येते, ते दिवस तुकड्यातुकड्यात असले तरी. पण ती मागायची गोष्ट आहे, हक्काची नाही. कारण लेखी द्यायचं, पुरावा जोडायचा. माहेरी आई अत्यवस्थ असेल तर दवाखान्याचे कागद जोडा. सहलीसाठी मागू नका.

शाहूपुरी_स्टेशनरोड

यात एक जोडतो. जुना पासपोर्ट जपा! नऊ वर्षांत बहुतेकांचा पासपोर्ट एकदा तरी बदलतो. दूतावास जुना ठेवून घेतो किंवा कोपरा कापून परत देतो. ठेवून घेणार असतील तर आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, कोरी पानंसुद्धा, स्कॅन करून घ्या. शिक्के पुसट असतात, तारखेतला ३ आणि ८ कळत नाही. विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास जपून ठेवले असतील तर तेच पुढे कामाला येतात.

गडहिंग्लजकर_ताई

व्हिसा मधे थोडे दिवस संपलेला असेल तर काय होतं? कोणाकडून ऐकलं की दंड भरला की मिटतं.

करवीर_कागद

ताई, हा सगळ्यात नाजूक मुद्दा. कायद्यात "अवैध स्थलांतरित" अशी व्याख्या आहे: वैध कागदांशिवाय आलेला, किंवा वैध कागदांवर येऊन मुदत संपल्यावरही राहिलेला. अवैध स्थलांतरिताला कलम ५ आणि ६ दोन्ही बंद. म्हणून व्हिसाच्या दोन मुदतींमध्ये चार दिवसांची फट असली तरी ती फाइलमध्ये दिसते.

दंड भरून मुक्काम नियमित केला असेल तर त्याचा लेखी आदेश अर्जाला जोडा आणि फट का पडली ते एका पानात स्वतःहून लिहा. लपवू नका. खोटी माहिती देणं हा कलम १७खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय फसवून मिळवलेलं नागरिकत्व पुढे काढूनही घेता येतं.

आणि हे पाठ करून ठेवा: नागरिकत्वाचा अर्ज प्रलंबित असणं म्हणजे व्हिसा नव्हे. अर्ज वर्षानुवर्षं चालतो, त्या काळात व्हिसा, निवास परवाना आणि पासपोर्ट तिन्ही जिवंत ठेवायचे. पासपोर्टची मुदत संपत आली की व्हिसाची वाढही अडते, म्हणून आधी पासपोर्ट, मग व्हिसा.

आपल्या जिल्ह्यात विदेशी नागरिक नोंदणी अधिकारी म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षक, कार्यालय कसबा बावडा रोडला. अर्ज ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांनी आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. आणि घरमालकाने, म्हणजे सासऱ्यांनीसुद्धा, परदेशी माणूस घरी राहायला आल्यावर २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती (जुना फॉर्म सी) ऑनलाइन द्यायची असते. "आमची सूनच आहे, पाहुणी थोडीच" म्हणून सोडून देऊ नका. वास्तव्याचा तोही एक पुरावा होतो.

पेठकर_०५

कागदपत्रांत जास्त करून काय अडतं?

शाहूपुरी_स्टेशनरोड

नाव. बाकी सगळं नंतर.

आपल्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत. समजा पासपोर्टवर "आना मारिया सिल्वा". लग्नात तांदळात नाव काढलं "अनुजा". मग रेशन कार्डावर "अनुजा विजय", गॅसच्या पुस्तकावर "सौ. अनुजा व्ही.", बँकेत "आना विजय" आणि आधारवर "आना मारिया". पोलीस चौकशीला शेजारी सांगतात, "आना? ती कोण? आमच्याकडे अनुजा वहिनी राहतात." अर्जातली बाई आणि शेजाऱ्यांच्या माहितीतली बाई एकच, हे सिद्ध करायला मग प्रतिज्ञापत्रांची रांग लागते.

उपाय साधा आहे, वेळेत करायचा. अर्ज पासपोर्टवरच्या नावानेच जातो, स्पेलिंगसकट. म्हणून अर्जाच्या सहा महिने आधी बाकीचे कागद पासपोर्टच्या नावाकडे आणा. सासरचं नाव लावायचंच असेल तर एकतर दूतावासातून पासपोर्टवर आधी बदलून घ्या, नाहीतर नागरिकत्व मिळाल्यावर राजपत्रात नाव बदलाची जाहिरात देऊन बदला. मधल्या काळात नाही. दोन्ही नावं आधीच रुळली असतील तर "दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच" असं प्रतिज्ञापत्र मूळ अर्जासोबतच जोडा, त्रुटी निघायची वाट बघू नका.

जन्मतारखेचंही तसंच. काही देशांत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. ०४/०७ म्हणजे ४ जुलै की ७ एप्रिल? आपल्याकडे भाषांतर करणारा ४ जुलै लिहून मोकळा होतो. भाषांतर हातात आल्यावर तारीख स्वतः तपासा.

परदेशी जन्मदाखला त्या देशाकडून अपोस्टिल (कागद खरा असल्याची तिथल्या सरकारची मोहोर) करून आणायचा, इथे होत नाही. माहेरी फेरी असेल तेव्हाच दोन मूळ प्रती काढून अपोस्टिल करून घेऊन या.

आजरा_घनसाळ

लग्नाच्या दाखल्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. इथे पण लई घरं अडकतात.

मंगल कार्यालयात भटजींनी लग्न लावलं, महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद झाली, दाखला मिळाला. पण हिंदू विवाह कायद्याखाली लग्न व्हायला दोघंही हिंदू (बौद्ध, जैन, शीख धरून) असावे लागतात. मुलगी ख्रिश्चन आणि पासपोर्टवर तसंच नाव असेल तर त्या लग्नाच्या वैधतेवरच प्रश्न येतो, आणि ५(१)(सी) तर सगळं लग्नावरच उभं.

योग्य रस्ता विशेष विवाह कायदा १९५४. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस वास्तव्य, नोटीस ३० दिवस फलकावर, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. आधीच विधी करून लग्न झालं असेल तर त्याच कायद्याच्या कलम १५खाली नोंदणी करता येते, तिथेही ३० दिवसांची नोटीस आहेच. परदेशी पक्षाला त्याच्या दूतावासाकडून अविवाहित असल्याचा दाखला मागतात. तो यायला वेळ लागतो, ते धरून तारीख काढा. मुहूर्त आधी आणि कागद नंतर असं करू नका.

लग्न परदेशात झालं असेल तर तिथला दाखला अपोस्टिल करून.

पेठकर_०५

बरं, आता अर्ज कुठून कुठे जातो ते कोणीतरी पायरी-पायरीने सांगा राव.

करवीर_कागद

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. सबमिट झाल्यावर फाइल नंबर मिळतो, तो दोन-तीन ठिकाणी लिहून ठेवा. पुढची सगळी स्थिती त्याच नंबरावर दिसते. फी पोर्टलवर दिसेल तेवढी भरून पावती जोडायची.

मग छापील प्रत, सगळ्या जोडपत्रांसह, जिल्हाधिकारी कार्यालयात. नागाळा पार्क, स्वराज्य भवन. मूळ कागद सोबत न्यायचे, द्यायच्या साक्षांकित प्रती. दुसऱ्या संचावर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढे विचारणा करायची ती या आवक नंबरावर.

इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज कुठेही राहत असलात तरी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडेच. प्रांत किंवा तहसीलदार घेत नाहीत, चौकशीला कागद तिकडे जाऊ शकतो तो भाग वेगळा. आणि जयसिंगपूरच्या लोकांनो, सांगली जवळ पडते म्हणून तिकडे जाऊ नका, शिरोळ तालुका आपल्या जिल्ह्यात आहे.

जिल्हाधिकारी पोलिसांचा अहवाल मागवतात, स्वतःचा अभिप्राय लावतात आणि प्रस्ताव राज्याच्या गृह विभागाकडे मुंबईला पाठवतात. २००९च्या नागरिकत्व नियमांप्रमाणे जिल्ह्याला ६० दिवस आणि राज्याला ३० दिवस. तिथून दिल्ली. सुरक्षा यंत्रणांचे अहवाल वेगळे येतात. प्रत्यक्षात जिल्ह्यातला वेळ जातो तो बहुतेक दोन कारणांनी: त्रुटीपत्राला अर्जदाराने उत्तरच दिलेलं नसतं, किंवा पोलीस अहवाल आलेला नसतो. ६० दिवस उलटले की आवक नंबर घालून एक लेखी स्मरणपत्र द्या आणि फाइल कुठल्या टेबलावर आहे ते नम्रपणे विचारा. लेखीच द्या. तोंडी विचारलेलं फाइलला लागत नाही.

राजारामपुरी_बारावी_गल्ली

पोलीस चौकशीबद्दल. अधीक्षक कार्यालयातून कागद तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात येतो. गोपनीयचा अंमलदार फोन करतो किंवा थेट घरी येतो. बघतात काय, तर माणूस खरंच तिथे राहतो का, किती वर्षं, उदरनिर्वाह कशावर, गुन्हा दाखल आहे का, शेजारी ओळखतात का. अर्जदाराचा जबाब आणि दोन-तीन शेजाऱ्यांचे जबाब होतात.

तयारी काय करायची? वीजबिल सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र आणि आधारची प्रत काढून ठेवा. दोन शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. काय बोलायचं ते पढवू नका, फक्त चौकशी येणार एवढं कानावर घाला. फोन परदेशी नंबरचा देऊ नका, लागला नाही की "संपर्क होऊ शकला नाही" असा शेरा पडतो आणि कागद परत जातो.

मधेच घर बदलू नका. कोल्हापूर शहरातून कागलला गेलात तर निदान ठाणं बदलतं. सांगली किंवा पुण्याला गेलात तर जिल्हाच बदलतो आणि चौकशी नव्याने. मागच्या वर्षांत दुसऱ्या शहरात राहिला असाल तर तिथलाही अहवाल मागवतात, म्हणून जुने भाडेकरार शोधून ठेवा.

गडहिंग्लजकर_ताई

कलम ६ला पेपरात जाहिरात द्यावी लागते म्हणे. ती लग्नाच्या अर्जाला पण लागते का?

करवीर_कागद

फॉर्म ८ला, म्हणजे देशीयकरणाला लागते. जिल्ह्यात खपणाऱ्या दोन वेगळ्या वर्तमानपत्रांत. आपल्याकडे 'पुढारी', 'सकाळ', 'लोकमत', 'तरुण भारत' यांतली कुठलीही दोन. मजकूर ठरलेला असतो: अमुक पत्त्यावर राहणारी अमुक व्यक्ती भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करत आहे, ते देऊ नये असं कारण कोणाला माहीत असल्यास सहीनिशी लेखी कळवावं. स्वतःच्या शब्दांत लिहू नका, नमुना आहे तसाच द्या. कात्रण जोडताना पेपरचं नाव आणि तारीख दिसेल असं पूर्ण पान ठेवा. नुसता चौकोन कापून लावला की तारीख जाते आणि जाहिरातीचा खर्च दुसऱ्यांदा.

याच फॉर्मला दोन भारतीय नागरिकांची अर्जदाराच्या चारित्र्याबद्दल प्रतिज्ञापत्रं लागतात आणि भाषेचे दाखले. लग्नाच्या अर्जाला भाषेची अट नाही. पण पोलीस जबाब मराठीत होतो, तेव्हा बोलता आलेलं बरं.

वळिवडे_कॅम्प

आपल्या कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचा विषय काढतो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची ही वसाहत. त्याआधी याच वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार माणसं. तेव्हा देश गमावलेली माणसं या मातीला नवीन नाहीत.

जुन्या कुटुंबांचा प्रश्न येतो तो आजोबांच्या नागरिकत्वाचा कागद कुठला असा. १९ जुलै १९४८च्या आधी येऊन इथेच राहिलेले, आणि ज्यांचे स्वतः, आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी अविभाजित भारतात जन्मलेले, ते घटनेच्या कलम ६ने थेट नागरिक झाले. त्या तारखेनंतर आलेल्यांना नोंदणी करावी लागली, अर्जाआधी सहा महिने वास्तव्य दाखवून. (हे घटनेचं कलम ६. वर चाललंय ते नागरिकत्व कायद्याचं. गल्लत करू नका.) नोंदणीचा जुना कागद घरात असेल तर लॅमिनेशन करू नका, शाई उतरते. स्कॅन करा आणि सपाट फाइलमध्ये ठेवा.

नंतर पाकिस्तानातून आलेल्यांचं वेगळं. हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन, अफगाणिस्तान-पाकिस्तान-बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ला किंवा आधी आलेले, त्यांना नागरिकत्व कायद्याची २०१९ची दुरुस्ती (सीएए) लागू. नियम ११ मार्च २०२४ला आले. हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जात नाही! जिल्हास्तरीय समितीकडे जातो आणि तिचे प्रमुख टपाल खात्याचे अधीक्षक असतात. देशीयकरणासाठी अकराऐवजी पाच वर्षं. कागदांच्या दोन याद्या आहेत, १ए त्या देशाचे असल्याचा पुरावा आणि १बी ठरलेल्या तारखेआधी आल्याचा. दोन्हींतला एकेक तरी लागतो. पासपोर्ट संपलेला असला तरी चालतो, ही मोठी सोय. शपथ समितीसमोर हजर राहूनच.

आजरा_घनसाळ

मूळ पासपोर्ट कधी सोडायचा? काही जण आधीच सोडायला सांगतात, भारताला विश्वास बसावा म्हणून.

रंकाळा_पश्चिम

आधी तर कधीच नाही! आधी सोडला तर माणूस कुठल्याच देशाचा राहत नाही, आणि ज्या पासपोर्टवर व्हिसा आहे तोच गेला तर इथला मुक्कामही अवैध. गृह मंत्रालय अर्ज मान्य असल्याचं कळवतं आणि मग मूळ नागरिकत्व सोडल्याचा पुरावा मागतं. ते पत्र आल्यावरच हालचाल करायची. फक्त त्या देशाची पद्धत आधी वाचून ठेवा, कारण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

ब्रिटनचं सोडण्याचं निवेदन फॉर्म आरएनवर. नोंद झाल्यापासून सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व मिळालं नाही तर ते सोडणंच रद्द ठरतं. ही तिथली चांगली तरतूद. जपान आणि नेपाळच्या कायद्यात स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की आपलं आपोआप जातं, तेव्हा तिथे "सोडल्याचा दाखला" आधी कसा आणायचा हा पेच येतो. अशा वेळी दूतावासाकडून कायद्याची तशी तरतूद असल्याचं पत्र घेऊन जोडतात. जर्मनीत जून २०२४पासून दुहेरी नागरिकत्व चालतं, म्हणून आता ते आपोआप जात नाही, वेगळा अर्ज करून सोडावं लागतं. अमेरिकेचं वाणिज्य दूतावासात अधिकाऱ्यासमोर शपथ घेऊन सोडतात आणि दाखला नंतर येतो. करांचा फॉर्म ८८५४ विसरू नका, तो न भरणं पुढे महागात पडतं.

५(१)(एफ)वाल्या आपल्या लोकांसाठी: परदेशी नागरिकत्व घेतलं त्या दिवशीच कलम ९ने भारतीय नागरिकत्व गेलं होतं. जुना भारतीय पासपोर्ट जमा केल्याचा दाखला नसेल तर तो आधी मिळवा. त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

ऊसपट्टा

पोरांचं काय? आई परदेशी, बाप इथला, पोरगं इथल्या सीपीआर सरकारी दवाखान्यात जन्मलं.

करवीर_कागद

३ डिसेंबर २००४ला किंवा नंतर भारतात जन्म, एक पालक भारतीय नागरिक आणि दुसरा जन्माच्या वेळी अवैध स्थलांतरित नव्हता, की मूल जन्मानेच भारतीय. अर्ज नाही, काही नाही. जन्मदाखल्यासोबत आईचा त्या तारखेचा वैध व्हिसा जपून ठेवा, पासपोर्ट काढताना लागतो. आईच्या देशाचा पासपोर्ट मुलासाठी काढू नका. "असू दे दोन्ही" असं आपल्याकडे चालत नाही.

गडहिंग्लजकर_ताई

प्रमाणपत्र हातात आल्यावर पुढे लगेच काय काय करायचं?

शाहूपुरी_स्टेशनरोड

त्याआधी शपथ असते: राज्यघटनेशी खरी श्रद्धा आणि निष्ठा, कायदे पाळणं, नागरिकाची कर्तव्यं पार पाडणं. दोन ओळींची. अर्जदाराला तिचा मराठी अर्थ घरीच समजावून सांगा. नुसती वाचून टाकण्याची ओळ नाही ती.

प्रमाणपत्र मिळालं की तिथेच उभं राहून तपासा: नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, कलम. चूक असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. पासपोर्ट, मतदार यादी, सगळीकडे पुढे हाच कागद मूळ म्हणून जाणार. नागरिकत्व नोंदणीच्या तारखेपासून धरलं जातं, अर्जाच्या नाही.

मग पोलीस अधीक्षक कार्यालयाला कळवून निवास परवान्याची नोंद बंद करून घ्या, आणि ओसीआय असेल तर कार्ड जमा. मतदार नोंदणीसाठी फॉर्म ६. परदेशी नागरिकाच्या आधारला मुदत असते, ती नोंद केंद्रावर बदलून घ्या. आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही, पण मुदत संपली तर बँकेची केवायसी अडते. बँकेत स्थिती बदलायला सांगा. भारतीय पासपोर्टसाठी अर्ज करताना मूळ प्रमाणपत्र बरोबर न्या, आपला विभाग पुणे पासपोर्ट कार्यालयाखाली येतो.

आजरा_घनसाळ

आणि पासपोर्ट हातात येईपर्यंत परदेश प्रवास ठरवू नका. जुना चालत नाही, नवा आलेला नसतो. माहेरच्या लग्नाचं तिकीट त्या मधल्या काळातलं काढू नका.

पेठकर_०५

छान. एकच राहिलं: पुसट शिक्क्याच्या पानाची साक्षांकित प्रत कशी द्यायची? झेरॉक्समध्ये काहीच दिसत नाही.

राजारामपुरी_बारावी_गल्ली

झेरॉक्स नको. पान सपाट दाबून ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन, मग रंगीत प्रिंट. शिक्का निळा किंवा जांभळा असतो, काळ्या-पांढऱ्यात तोच उडतो. प्रिंटवर शिक्क्याशेजारी पेन्सिलने तारीख लिहा आणि तीच तारीख पाच रकान्यांच्या तक्त्यात आहे का बघा. मूळ पासपोर्ट छाननीच्या दिवशी जवळ ठेवा, अधिकाऱ्याला ते पान उघडून उजेडात दाखवा.